जैविक जाळी, संगणकीय प्रतिरूपण आणि पडताळणीचा प्रश्न : सॉफ्टवेअरच्या इतिहासाचा एक आढावा

प्रस्तावना

जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत चयापचयाचा एक भला मोठा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो. गेरहार्ड मिशाल यांनी तयार केलेला आणि जर्मनीतील बोहरिंगर मानहाइम या कंपनीने इ.स. १९६५ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला तक्ता हा या प्रकारातील सर्वांत परिचित नमुना होय. शेकडो रेणू, त्यांना जोडणारे बाण आणि बाणांवर विकरांची नावे असे त्याचे स्वरूप आहे. कोणता रेणू कोणात रूपांतरित होतो हे या तक्त्यावरून समजते; परंतु किती वेगाने, कोणत्या प्रमाणात आणि एक बाण तोडला तर इतरत्र काय घडेल, या प्रश्नांना कागदावरचा तक्ता उत्तर देऊ शकत नाही. या मर्यादेतून दोन प्रकारची संगणकीय साधने जन्मास आली. पहिला प्रकार जाळ्याची मांडणी करून त्यातील संबंध शोधणाऱ्या साधनांचा. दुसरा त्या जाळ्यातील घडामोडी कालानुक्रमे आकड्यांत उतरवणाऱ्या, म्हणजेच सिम्युलेशन अथवा संगणकीय प्रतिरूपण करणाऱ्या साधनांचा.

या साधनांचा इतिहास सामान्यतः वाढत्या गतीचा आणि वाढत्या आकाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. एका संशोधकाने आपल्या संगणकावर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या, त्याला कधीही न भेटलेल्या संशोधकाला तपासून पाहता येतो काय, या प्रश्नाभोवती हा इतिहास पुनःपुन्हा फिरत आलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने या साधनांच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

हातयंत्रापासून संगणकापर्यंत

विकर आणि त्याचे लक्ष्यद्रव्य यांच्या संयोगाची समीकरणे कागदावर सोडवणे अवघड असल्याचे ध्यानात आल्यावर ब्रिटन चान्स यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठातील यांत्रिक विकलन विश्लेषकाचा आधार घेतला. त्यांचा शोधनिबंध १९४३ सालचा आहे. दाते, दांडे आणि फिरत्या चकत्या यांच्या साहाय्याने विकलक समीकरणे सोडवणारे ते यंत्र होते. आजच्या अर्थाने त्यात ‘सॉफ्टवेअर’ असे काही नव्हतेच.

यानंतरचा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. स्क्विड, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला माकूल म्हणतात त्या वर्गातील सागरी जीव. त्याच्या जाड चेतातंतूतून विद्युत्संदेश कसा वाहतो याचे गणिती प्रतिमान ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडले. समीकरणे सोडवण्यासाठी केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक संगणकाचा उपयोग करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु नेमक्या त्याच काळात तो संगणक सुधारणेच्या कामासाठी बंद ठेवण्यात आला. तेव्हा हक्सली यांनी हाताने मूठ फिरवून चालवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर हे काम केले. चेतातंतूतून पुढे सरकणाऱ्या एका संदेशाचा आलेख काढण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तंतूतील प्रत्यक्ष घटना काही सहस्रांश सेकंदांची असते! या कार्यासाठी दोघांना १९६३ मध्ये जॉन एक्ल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हक्सली यांच्यापाशी कोणताही आज्ञासंच नसल्यामुळे प्रत्येक समीकरण, प्रत्येक स्थिरांक आणि प्रत्येक आरंभीचे मूल्य निबंधात छापणे अपरिहार्य होते. छापलेला निबंध हेच संपूर्ण प्रतिमान होते.

डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयपेशीचे प्रतिमान तयार केले तेव्हा लंडन विद्यापीठाचा फेरँटी मर्क्युरी संगणक त्यांना वापरावयास मिळाला, तोही पहाटे दोन ते चार या वेळेत. डेव्हिड गारफिंकल आणि बेन्नो हेस यांनी १९६४ मध्ये अर्बुदपेशींतील ग्लुकोजच्या विघटनाचे सविस्तर संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. गारफिंकल यांचे नाव या इतिहासात आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. रासायनिक व जैवरासायनिक संस्थांच्या प्रतिरूपणासाठी कोणत्याही एका यंत्राशी न बांधलेली भाषा असावी, असा विचार त्यांनी मांडला आणि तशी भाषा १९६८ मध्ये प्रसिद्धही केली. प्रत्येक विद्यापीठाचा संगणक वेगळा आणि त्याची आज्ञावली वेगळी, अशा त्या काळात हा विचार काळाच्या पुढचा होता. त्याला व्यापक स्वरूप येण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली.

डॅनिएल गिलेस्पी यांनी १९७६ आणि १९७७ मध्ये मांडलेली पद्धती हा पुढचा महत्त्वाचा टप्पा. पेशीत एखाद्या प्रथिनाचे रेणू दहा-वीसच असतील तर ‘संहती’ या संकल्पनेला फारसा अर्थ उरत नाही. पुढील अभिक्रिया कोणती आणि ती केव्हा घडेल हे यादृच्छिक संख्यांच्या आधारे ठरवणारी गिलेस्पी यांची रीत अशा परिस्थितीसाठी उपयुक्त ठरली. मूळ रीत रसायनशास्त्रासाठी होती. जीवशास्त्रज्ञांनी तिचा खरा लाभ उठवला तो दोन दशकांनंतर.

सात प्रणाली आणि सात भाषा

इ.स. १९९० नंतर वैयक्तिक संगणक संशोधकाच्या मेजावर आला आणि चित्र पालटले. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे पेद्रो मेंदेस यांनी गेपासी ही प्रणाली तयार केली (१९९३). अभिक्रिया रासायनिक समीकरणाच्या रूपात टंकित कराव्यात आणि विकलक समीकरणे प्रणालीने स्वतः रचावीत, ही तिची खुबी. ज्यांना आज्ञावली लिहिता येत नव्हती अशा जीवरसायनशास्त्रज्ञांना तिने हे क्षेत्र खुले करून दिले. जपानच्या केइओ विद्यापीठात मासारू तोमिता यांच्या गटाने १९९६ मध्ये ई-सेल प्रकल्प हाती घेतला. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या अतिशय छोट्या जीवाणूच्या जनुकांतून १२७ जनुके निवडून त्यांनी एक काल्पनिक पेशी संगणकात ‘जगवली’. या पेशीचा ग्लुकोजपुरवठा तोडल्यावर एटीपीचे प्रमाण लगेच घटण्याऐवजी आधी थोडे वाढून मग घसरते, असे १९९९ च्या त्यांच्या निबंधात दिसून आले. ग्लुकोजच्या विघटनमार्गात आरंभी एटीपी खर्ची पडतो आणि तो परत मिळतो नंतरच्या टप्प्यांत, हे पाठ्यपुस्तकातील ज्ञान ज्यांना आहे त्यांना या उत्तराचे कारण उमगेल; पण प्रतिरूपणापूर्वी ते सहज सुचले नसते.

याच वर्षी बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे उपिंदर भल्ला आणि न्यूयॉर्कचे रवी अय्यंगार यांचा पेशीतील संदेशवहनमार्गांच्या जाळ्यावरील निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुटे सुटे मार्ग एकमेकांना जोडले असता, सुट्या मार्गात न आढळणारे गुण त्या जाळ्यात प्रकटतात, हे त्यांनी प्रतिरूपणाने दाखवले. उदा., अल्पकाळ मिळालेला संदेश थांबल्यानंतरही जाळे दीर्घकाळ सक्रिय राहू शकते. भल्ला यांच्या गटाने पुढे २००३ मध्ये अशा संदेशवहन प्रतिमानांचे ‘डॉक्स’ हे सार्वजनिक भांडारही निर्माण केले. प्रतिमान हे निबंधाच्या परिशिष्टात दडवून ठेवण्याची वस्तू नसून ग्रंथालयात ठेवण्याची वस्तू आहे, ही दृष्टी भारतातील एका संस्थेत इतक्या लवकर रुजली, याची नोंद आपल्याकडील विज्ञानेतिहासात व्हावी तेवढी झालेली नाही.

साधने वाढली तशी अडचणही वाढली. गेपासीत रचलेले प्रतिमान ई-सेलला वाचता येत नसे, ई-सेलचे प्रतिमान अमेरिकेतील व्हर्च्युअल सेलला कळत नसे. एका प्रणालीतून दुसरीत जायचे तर सगळी समीकरणे पुन्हा हाताने भरावी लागत. त्यात एखादे ऋणचिन्ह निसटले की उत्तर निराळे! शिवाय छापील निबंधातील तक्त्यात एखादा प्राचल राहून गेलेला असे, कधी एककांचा घोळ असे. मूळ संशोधकाला पत्र लिहावे, तर प्रतिमान रचणारा विद्यार्थी पदवी घेऊन अन्यत्र गेलेला असे.

या अडचणीवर विचार करण्यासाठी एप्रिल २००० मध्ये कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत एक कार्यशाळा झाली. जपानच्या हिरोआकी कितानो यांच्या प्रकल्पाचे तिला पाठबळ होते. बायोस्पाइस, डीबीसॉल्व्ह, ई-सेल, गेपासी, जारनॅक, स्टॉकसिम आणि व्हर्च्युअल सेल अशा सात प्रणालींचे कर्ते या प्रयत्नात सहभागी झाले. आठवी, सर्वांहून श्रेष्ठ प्रणाली बांधण्याचा मोह या मंडळींनी टाळला, ही त्यांच्या शहाणपणाची खूण म्हणावी लागेल. त्यांनी केवळ एक समाईक लेखनपद्धती ठरवली. मायकेल हका, अँड्र्यू फिनी, हर्बर्ट सौरो आणि हमीद बोलूरी यांनी तिचा मसुदा सिद्ध केला आणि ‘सिस्टम्स बायॉलॉजी मार्कअप लँग्वेज’, संक्षेपाने एसबीएमएल, या नावाने तिची पहिली पातळी मार्च २००१ मध्ये जाहीर झाली. तीविषयीचा मुख्य निबंध २००३ मध्ये आला.

एसबीएमएल ही आकडेमोड करणारी प्रणाली नव्हे. ती एक नोंदवही आहे असे म्हटले तरी चालेल. पेशीतील कप्पे कोणते, त्यांत कोणते रेणू किती प्रमाणात, त्यांच्यामध्ये कोणत्या अभिक्रिया, प्रत्येकीचा वेग कोणत्या सूत्राने ठरतो आणि त्या सूत्रातील प्राचलांची मूल्ये काय, एवढेच ती ठरीव साच्यात लिहून ठेवते. पहिल्या पातळीत सूत्रे साध्या मजकुराच्या ओळीत लिहिली जात; २००३ च्या दुसऱ्या पातळीत त्यांच्यासाठी मॅथएमएल ही गणिती लेखनपद्धती स्वीकारण्यात आली. कालांतराने अडीचशेहून अधिक प्रणालींनी हा साचा मान्य केला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे शरीरक्रियात्मक प्रतिमानांसाठी सेलएमएल ही भाषा स्वतंत्रपणे वाढत होती. दोन्ही भाषा टिकून राहिल्या, एकरूप मात्र झाल्या नाहीत.

यांतील उणीव लवकरच ध्यानात आली. प्रतिमान काय आहे हे एसबीएमएल सांगते, परंतु त्यावर कोणता ‘प्रयोग’ केला, म्हणजे किती काळ चालवले, कोणता प्राचल बदलला आणि निबंधातील आकृती नेमक्या कोणत्या आकड्यांवरून काढली, हे ती सांगत नाही. त्यासाठी एसईडी-एमएल ही निराळी लेखनपद्धती २०११ मध्ये पुढे आली. तत्पूर्वी २००५ मध्ये प्रतिमानासोबत किमान कोणती माहिती असावी याचे ‘मिरियम’ नियम ठरले आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील युरोपीय जैवमाहिती संस्थेत बायोमॉडेल्स हे भांडार खुले झाले. तेथे येणारे प्रतिमान तज्ज्ञ संपादक प्रत्यक्ष चालवून पाहतात आणि निबंधातील आकृतीशी ताडून पाहतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात कीर्ती नाही. परंतु पुढे उल्लेखलेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष याच कंटाळवाण्या कामातून निघाला.

जाळ्याचे चित्र

जाळी मांडणाऱ्या साधनांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. मिनोरू कानेहिसा यांनी १९९५ मध्ये क्योतो येथे केग हा प्रकल्प सुरू करून भिंतीवरील चयापचयाचा तक्ता जणू संगणकात आणला. मात्र खरी निकड भासली ती यीस्टमधील प्रथिनांच्या परस्परसंबंधांच्या मोठ्या याद्या हाती आल्यावर. पीटर उत्झ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये १,००४ प्रथिनांमधील ९५७ संबंध नोंदवले. ताकाशी इतो यांच्या गटाने २००१ मध्ये ३,२७८ प्रथिनांमधील ४,५४९ संबंध दिले. पद्धत मुळात एकच, जीवही एकच. तरीही दोन्ही याद्यांत समान जोड्या फारच थोड्या निघाल्या. या विसंगतीचा अर्थ लावण्यासाठी याद्या शेजारी ठेवून, त्यांवर जनुकांच्या सक्रियतेची माहिती चढवून, एकत्रित पाहण्याची सोय हवी होती.

सिॲटल येथील इन्स्टिट्यूट फॉर सिस्टम्स बायॉलॉजीमध्ये ट्रे आयडेकर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यीस्टच्या गॅलॅक्टोज-वापराच्या मार्गात २० प्रकारचे बदल घडवून ९९७ जनुकांच्या प्रतिसादाची नोंद केली होती. अशा माहितीच्या गरजेतून त्या संस्थेत सायटोस्केप ही प्रणाली २००२ मध्ये आकारास आली. पॉल शॅनन प्रभृतींचा तिच्यावरील निबंध २००३ मध्ये ‘जीनोम रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. जावा भाषेत लिहिलेली, मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य दिलेली ही प्रणाली. गाभा लहान ठेवावा आणि विशिष्ट विश्लेषणासाठी इतरांनी जोडप्रणाली लिहाव्यात, अशी तिची रचना होती. त्यानुसार जाळ्यातील दाट पुंजके शोधणारी एमकोड, पुंजक्यातील जनुकांचे समान कार्य संख्याशास्त्राने ठरवणारी बिंगो अशा जोडप्रणाली इतर देशांतील गटांनी रचल्या. २००३ च्या निबंधातील चार उदाहरणांपैकी शेवटचे उदाहरण जाळ्याच्या चित्राला यादृच्छिक आणि गतिकीय प्रतिरूपणाशी जोडण्याचे होते, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र आणण्याची आकांक्षा आरंभापासून होती.

चित्राचे सामर्थ्य आणि चित्राचा धोका, दोन्ही येथे विचारात घेतले पाहिजेत. बिंदूंमध्ये परस्पर प्रतिकर्षण आणि रेषांमध्ये स्प्रिंगप्रमाणे ताण आहे असे मानून जाळे पसरवण्याची रीत या साधनांनी आलेखशास्त्राकडून घेतली. मांडणी डोळ्यांना सुबक दिसते. परंतु आरंभीची स्थिती यादृच्छिक असेल तर प्रत्येक वेळी चित्र निराळे येते, आणि दोन बिंदूंमधील अंतराला जैविक अर्थ असतोच असे नाही. काही हजार बिंदू झाले की चित्राचा नुसता केसांचा गुंता होतो. निबंधांच्या पहिल्या पानावर हा गुंता मिरवण्याची प्रथा काही काळ होती. त्यातून वाचकाला काय कळावे, हे लेखकालाही सांगता आले नसते. चित्रावरून काढलेल्या निष्कर्षांनाही पुढे मुरड घालावी लागली. होवूंग जेओंग, आल्बर्ट-लास्लो बराबाशी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यीस्टच्या १,८७० प्रथिनांच्या जाळ्यावरून असे दाखवले की, ज्या प्रथिनाला जास्त रेषा जुळतात ते नष्ट केल्यास पेशी मरण्याची शक्यता अधिक. २००८ मध्ये अधिक काटेकोर पद्धतीने मिळवलेल्या जाळ्यात मात्र हा संबंध आढळला नाही. ज्या प्रथिनावर अभ्यास जास्त त्याच्या रेषाही जास्त, हा पूर्वग्रह आधीच्या याद्यांत मिसळलेला होता. प्रणालीने गणित अचूक केले होते. प्रश्न तिला पुरवलेल्या यादीचा होता.

विनामूल्य आणि खुले साधन म्हणजे चिरस्थायी साधन, असाही समज करून घेता येत नाही. २०१३ मध्ये सायटोस्केपची तिसरी आवृत्ती आली तेव्हा तिची अंतर्गत रचना मुळापासून बदलण्यात आली. जुन्या जोडप्रणाली तीत चालेनात. त्या पुन्हा लिहाव्या लागल्या आणि ज्यांचे कर्ते अन्य कामांत गुंतले होते त्या मागेच राहिल्या. केगची अडचण आर्थिक होती. निधी अपुरा पडू लागल्याने २०११ पासून तेथील संपूर्ण माहितीसंच एकगठ्ठा उतरवून घेण्यासाठी वर्गणी आकारली जाऊ लागली. संकेतस्थळावरील वाचन विनामूल्य राहिले. मोठ्या संस्थेला ही वर्गणी किरकोळ वाटेल. ज्या महाविद्यालयाची जैवमाहितीशास्त्राची वार्षिक तरतूदच तुटपुंजी, तेथे याच गोष्टीचे वजन वेगळे असते.

एक संपूर्ण पेशी

२०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जोनाथन कार, मार्कस कव्हर्ट आणि सहकाऱ्यांनी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमच्या संपूर्ण पेशीचे प्रतिमान प्रसिद्ध केले. ई-सेलने ज्या जीवाणूची १२७ जनुके घेतली होती त्याची यात सर्व ५२५ जनुके होती. नऊशेहून अधिक शोधनिबंधांतून १,९०० वर प्राचल गोळा करण्यात आले. डीएनएची प्रतिकृती, प्रथिननिर्मिती, चयापचय, पेशीविभाजन अशा २८ उपप्रतिमानांना प्रत्येकी योग्य अशी निरनिराळी गणिती रीत देऊन, दर सेकंदाच्या पावलाने त्यांची सांगड घालण्यात आली. एका पेशीच्या एका जीवनचक्राचे प्रतिरूपण व्हायला संगणकाला कित्येक तास लागत आणि त्यातून निघणारी माहिती इतकी प्रचंड की, ती साठवण्यासाठी आणि पाहण्यासाठी स्वतंत्र साधने बांधावी लागली.

आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली होती. मात्र ती मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीत लिहिलेली होती. २०१५ मध्ये जर्मनीतील रोस्टॉक येथे भरलेल्या उन्हाळी वर्गात हे प्रतिमान एसबीएमएलसारख्या समाईक पद्धतींत पुन्हा लिहून काढण्याचा प्रयत्न झाला. उपप्रतिमाने वाटून घेऊन तरुण संशोधकांनी नेटाने काम केले, परंतु समग्र प्रतिमान त्या साच्यात उतरले नाही. एका रेणूच्या असंख्य संभाव्य अवस्था आणि निरनिराळ्या गणिती रीतींचा मिलाफ यांसाठी उपलब्ध लेखनपद्धती अपुऱ्या होत्या. मूळ प्रतिमानातील कोणते गृहीतक कोणत्या निबंधावर आधारले आहे, हे शोधणेही कष्टाचे ठरले.

४५५ प्रतिमाने

बायोमॉडेल्सच्या संपादकांनी १५२ नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली ४५५ गतिकीय प्रतिमाने एक एक करून चालवून पाहिली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. ही प्रतिमाने ४९ देशांतील सुमारे १,४०० शास्त्रज्ञांच्या श्रमांचे फळ होती आणि सर्व निबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेले होते. निबंधात दिलेल्या माहितीच्या आधारे यांपैकी ४९ टक्के प्रतिमानांतून छापलेले निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत. अनुमानाने दुरुस्ती करून किंवा मूळ लेखकांची मदत घेऊन आणखी १२ टक्के प्रतिमाने जुळवता आली. ३७ टक्के शेवटपर्यंत जुळलीच नाहीत. कारणे काय होती? प्राचलाचे मूल्य दिलेले नाही, आरंभीची संहती दिलेली नाही, समीकरणांची रचना विसंगत आहे, किंवा या तिन्हींचे मिश्रण. यांत लबाडीचा आरोप कोठेही नाही. परीक्षकांनी निबंध वाचला होता, प्रतिमान चालवून पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षकापुढे ठेवण्यासाठी या संपादकांनी आठ प्रश्नांची एक लहानशी तपासयादी सुचवली आहे.

हॉजकिन आणि हक्सली यांचे प्रतिमान आज बायोमॉडेल्समध्ये उपलब्ध आहे. हाताने मूठ फिरवून ज्या आलेखाला तीन आठवडे लागले तो पदवीच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील साध्या संगणकावर क्षणार्धात काढता येतो, आणि त्यासाठी १९५२ च्या छापील निबंधाखेरीज अन्य कशाचीही गरज पडत नाही. एकच सावधगिरी बाळगावी लागते. त्या निबंधातील विद्युद्दाबाचे चिन्ह आजच्या प्रथेच्या उलट आहे. संदेश वाहताना दाब तेथे ऋण दिशेला जातो. ही प्रथाही निबंधातच नोंदवलेली आहे.